सरकीचा शेक

सूनबाईनं तव्यावर ओवा भाजला, फडक्यात बांधला आणि माझ्या चोंदलेल्या नाकाशी धरला. वास डोक्यात शिरला तशी कापसाच्या तेजीतली एक दुपार आठवली. लोक त्या काळाला अजून सोन्याचे दिवस म्हणतात.

सासूबाई आणि मी सकाळपासून चरकीवर कापसातली सरकी काढत होतो. बारीक तंतू जाऊन नाकं गच्च चोंदली होती, तोंडानं श्वास घेऊन घसा सुकला होता. मी ओवा मागितला. पण परसातल्या ओव्याच्या वाफ्यातही त्या वर्षी आम्ही पऱ्हाटीच, म्हणजे कापसाची झाडंच, लावली होती. सासूबाईंनी मूठभर सरकीच तव्यावर गरम करून फडक्यात बांधली.

"याचाच शेक घे माय. घरात दुसरं हायच काय?"

ऊब लागली, पण वास कसला येणार? नाक काही उघडलं नाही.

तेवढ्यात माझे यजमान अमरावतीच्या बाजारातून हसत आले. "माय, भाव अजून चढला! पुढच्या साली आंगनातबी पऱ्हाटीच लावू."

आम्ही दोघी गप्प राहिलो. त्यांना तो होकार वाटला. आमची तोंडं श्वास घेण्यात गुंतली होती.