काचेचा रिॲक्टर

आमच्या धुळ्याच्या कारखान्यात कोणी पाहुणा आला की मी त्याला चहालासुद्धा बसवत नाही, आधी रिॲक्टर दाखवायला नेते. नवरा म्हणतो, "अगं, लोकं नवीन फ्रिज दाखवतात तसं काय चालवलंय!" म्हणू दे. तो रिॲक्टर मी निवडलाय, अख्ख्या घराशी भांडून निवडलाय. मिरवणार नाही तर काय?

रिॲक्टर म्हणजे बंद तोंडाचं भलंमोठं पातेलं. आत रवीसारखा दांडा फिरतो, बाहेरच्या दुहेरी भिंतीत वाफ सोडून तापवायचं, पाणी सोडून थंड करायचं. आणि पातेलं निवडायचं ते आत काय शिजणार ते बघून. माझे सासरे, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, आधी दोंडाईच्याला मिरचीचा व्यापार करत. तो सोडून त्यांनी हा रसायनांचा कारखाना उभा केला. त्यात जे होतं ते सगळं स्टेनलेस स्टीलचं, पुसून पुसून लख्ख ठेवलेलं. मी चोपड्याची, केमिकल इंजिनिअर. लग्न होऊन आले ती स्वयंपाकघराआधी कारखान्यातच शिरले, हे काही जणींना अजून पचलेलं नाही.

एका रंगवाल्या कंपनीचं नवं काम आलं. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड, तेही गरम. मी म्हटलं, इथे स्टील टिकायचं नाही. बाहेरून लोखंड आणि आतून काचेचं अस्तर, असाच रिॲक्टर घ्यावा लागेल. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भरताची वांगी भाजण्याऐवजी कुकरला लावायला निघाले होते.

"आपलं बठ्ठं स्टीलनं शे," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, म्हणजे आपलं सगळं स्टीलचं आहे. "काच कसाले? आज ना उद्या फुटी जाई."

"आबा, लोणचं आपण बरणीत घालतो ना? स्टीलच्या डब्यात का नाही घालत?"

"लोणचं येगळं, कारखाना येगळा."

घ्या! मग मीही हट्टाला पेटले. वर्कशॉपमधून त्याच स्टीलचा एक चकचकीत तुकडा उचलला, लॅबमध्ये ॲसिडात टाकला आणि खाली मंद आच ठेवली. बुडबुडे सुटले, ॲसिड हिरवट पडत गेलं. आबा येता-जाता डोकावायचे. शेवटी मी तो तुकडा धुऊन त्यांच्या टेबलावर ठेवला. चकाकी पार गेलेली, हाताला नुसता खरखरीत. आबांनी त्यावरून बराच वेळ अंगठा फिरवला.

"मागव तुनं काचनं भांडं," ते म्हणाले. "टिकनं ते कारखानामा तुनं चाली. फुटनं ते मंग तू घर देख."

टिकलं तर कारखान्यात माझा शब्द, फुटलं तर मी घरी. आबा गंमत करत नव्हते. मी मान ताठ ठेवली आणि ऑर्डर लिहायला बसले.

गुजरातहून ट्रेलरवर रिॲक्टर आला तेव्हा उन्हाने डोकं फुटायची वेळ होती, आणि मी क्रेनखाली घसा फोडत उभी. कोणी हातोडी घेऊन जवळ आला की माझा आवाज चढायचा. एक जण शिडीसाठी बाहेरून कडी वेल्ड करायला निघाला होता, त्याला तर मी अक्षरशः पळवून लावलं; वेल्डिंगच्या आचेने आतली काच तडकते. मग रिॲक्टर बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाने आत उतरून यंत्राने अस्तर तपासलं. कुठे केसाएवढी चीर नाही. निळीशार काच! मी टॉर्च मारून मारून पाहिली. माझं मलाच भरून आलं.

पूजा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरली. दोंडाईच्याहून भाऊबंद आले, आम्ही रिॲक्टरला हार घातला, हळदीकुंकू वाहिलं, आरती झाली. मला वाटलं, आता दारातल्या दगडावर नारळ फुटेल आणि सुटले. पण आबा नारळ घेऊन सरळ रिॲक्टरकडेच वळले. नंतर कळलं, त्यांची रीतच तशी. कुठलंही नवं मशीन आलं की त्याच्याच अंगावर, स्वतःच्या हाताने नारळ फोडायचा. स्टीलला काय, साधा ओरखडा उठत नाही. त्यांनी हात उगारला.

"आबा, थांबा!"

मी ओरडले. भर पूजेत, चारचौघांत, सुनेने सासऱ्यावर. आबांचा हात वरच राहिला. मागून एक चुलत सासूबाई पुटपुटल्या, "अपशकुन केला माय हिने."

गप्प बसले असते तर सगळंच संपलं असतं. "आबा, कल्हईचं भांडं नाही हे. पूर्वीची ती पांढरी एनॅमलची ताटली आठवते? बाहेरून आपटली की आतला टवका उडायचा. हेही तसंच. बाहेर नारळ बसला की आत काच उडणार, आणि तिथून ॲसिड लोखंड खाणार."

आबांनी रिॲक्टरकडे पाहिलं, मग नारळाकडे. हात हळूहळू खाली आला.

"सून सांगस ते खरं शे," ते भाऊबंदांना म्हणाले, आणि नारळ माझ्या हातात दिला. "मंग तूच फोड."

बायकांनी नारळ फोडायचा नसतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चुलत सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी दारातल्या दगडाशी गेले, ओणवी झाले आणि घाबरत घाबरत नारळ टेकवल्यासारखा आपटला. तो जसाच्या तसा. पुन्हा आपटला. ढिम्म!

मागून आबांचा आवाज आला, असा खणखणीत की गेटवरच्या वॉचमनने वळून पाहिलं.

"अवं, जोरमा मार! नारळ शे तो, काच नही!"