सरांसाठी चित्रांची पुस्तकं

माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्यांना निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. जन्मभर त्यांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. उजवा हात लुळा पडला, त्यासाठी मनाची तयारी आम्ही दवाखान्यातच केली होती. वाचा जाईल असं मात्र कुणी बोललं नव्हतं. म्हणजे समजायचं सगळं, शब्द सापडायचा नाही. चहा हवा असला की ‘दार’ म्हणायचे. चुकलं हे आधी त्यांनाच कळायचं, मग डोळे मिटून घ्यायचे.

बोलणं परत शिकवायला एक तरुण मुलगी आमच्या मुकुंदवाडीच्या घरी यायची. तिसऱ्याच खेपेला ती म्हणाली, “काकू, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं आणा. एका पानावर एक चित्र, खाली मोठ्या अक्षरात शब्द.”

मी तिला स्वयंपाकघरात नेलं. “अगं, त्यांना कमीपणा वाटेल.”

“वाटेलच,” ती म्हणाली. “तरी आणा.”

उस्मानपुऱ्यातल्या एका दुकानातून ते कायम पुस्तकं मागवायचे. दर्शनी भागात अभ्यासाची जाडजूड पुस्तकं, आतल्या कोपऱ्यात मुलांची. दुकानदार चाचा आमच्याच वयाचे. मला बघून उठले. “आइये भाभी. सर कसे आहेत? त्यांनी सांगितलेलं शेवाळांवरचं पुस्तक कधीच आलंय. बाजूला ठेवलंय मी.”

“तेही द्या,” म्हटलं, आणि आतल्या कोपऱ्याकडं गेले. प्राणी, भाज्या, झाडं, घरातल्या वस्तू. चाचांनी विचारलं, “कुणासाठी?”

“भाचीच्या लेकरासाठी,” मी सांगितलं.

त्यांनी माझ्या हातातलं एक पुस्तक काढून घेतलं आणि दुसरं दिलं. “हे न्या. याची पानं जाड पुठ्ठ्याची आहेत. एका हातानं उलटता येतात.” एवढंच बोलले आणि पिशवी शोधायला वळले. माझ्याच्यानं वर बघवलं नाही.

पहिल्या दिवशी यजमानांनी पुस्तक पलंगावरून ढकलून दिलं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली, तिनं ते उचलून परत समोर ठेवलं. पंधरा दिवसांत ‘गाय’ आलं, ‘ताट’ आलं. माझ्याकडं बोट दाखवून तिनं विचारलं, “या कोण?” बराच वेळ ओठ हलत राहिले. मग म्हणाले, “ताट.” मी हसले, तेही हसायला लागले आणि हसता हसता रडले.

कुणी भेटायला आलं की ते शेवाळांचं पुस्तक मांडीवर उघडून धरायचे, आणि चित्रांचं त्याच्या आत सरकवायचे. पाहुणे म्हणायचे, “सरांचा अभ्यास चालूच आहे, व्हय?” मी मान डोलवायचे.

एका दुपारी झाडांच्या पुस्तकात कडुनिंबाचं चित्र निघालं. चित्रकारानं फांदीला सुटी सुटी गुळगुळीत पानं लावली होती, पिंपळाची असावीत तशी. यजमान चिडले. पानावर बोट आपटत राहिले. मला वाटलं, शब्द आठवत नाही म्हणून चिडलेत.

“कडुनिंब,” मी हळूच सुचवलं. त्यांनी जोरजोरात मान हलवली. डाव्या हातानं माझ्याकडचा पेन मागितला. मी घरातही नोकरीतली जुनी सवय म्हणून पोलक्याला पेन अडकवायचे. त्याच हातानं त्यांनी चित्रावरच एक देठ काढला, दोन्ही बाजूंना पानं, प्रत्येकाच्या कडेला करवतीसारखे दाते, आणि पानाचा बुडखा एका अंगाला कललेला. अर्धा तास लागला. घामाघूम झाले होते. चेहरा मात्र मनासारखा तास घेऊन वर्गातून बाहेर पडतानाचा.

“आता नाव सांगा याचं,” मी म्हटलं.

त्यांनी चित्राकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. शब्द आला नाही. मी उगाच विचारलं, हे मला अजून खातं.

पुढच्या महिनाभरात त्यांनी वांगं, जास्वंद, केळ, सगळं दुरुस्त केलं. मी चाचांना जाऊन कौतुकानं सांगितलं, भाचीचं लेकरू वगैरे विसरून. त्यांनी चष्मा काढून पुसला. “भाभी, सरांना चित्र काढायला बाजूला जागा असेल तसली पुस्तकं बघून ठेवतो.”

ती आणायची वेळ आली नाही. दिवाळीनंतर दुसरा झटका आला. त्यानंतर ते कोणतंही पान उघडं ठेवलं तरी शांत बघत बसायचे. चूक-बरोबर काही उरलं नाही. ती मुलगी अजून महिनाभर येत राहिली आणि एक दिवस मला म्हणाली, “काकू, आता मी येऊन उपयोग नाही.” तिचेही डोळे भरले होते.

माझ्या सांगण्यावरून अभ्यासाची पुस्तकं न्यायला त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आली. आता ती स्वतः शिकवते. कपाटं रिकामी करताना ती दर वेळी विचारायची, “सर, हे नेऊ?” ते मान डोलवायचे, ज्याला त्याला डोलवतात तशी. मी सांगितलं, “त्यांना विचारू नकोस, ने.”

“नाही मॅडम,” ती म्हणाली, “विचारूनच नेते.” आणि शेवटच्या पुस्तकापर्यंत विचारत राहिली.

रिक्षा दोनदा भरून गेली. ते खिडकीशी बसून बघत होते. दुसऱ्या खेपेला रिक्षा वळली तेव्हा त्यांनी डावा हात वर केला, पाहुण्याला निरोप द्यावा तसा.