पणबाई आणि न केलेला फोन

कुणी ठाम वाक्य बोललं की बाई मान जराशी तिरकी करायच्या आणि एकच शब्द विचारायच्या, "पण?" बोलणारा तिथंच अडखळायचा. कोल्हापुरातल्या आमच्या ज्युनियर कॉलेजात त्यामुळे त्यांचं नाव पणबाई पडलं होतं. ते त्यांना ठाऊकही होतं. एकदा कुणीतरी ते फळ्यावर लिहून ठेवलं, तर बाईंनी पुसलं नाही. पुढं खडूनं प्रश्नचिन्ह काढलं आणि शिकवायला सुरुवात केली.

बाई मूळच्या मुरगूडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. आवाज असा, की तास आमच्या वर्गात असला तरी शेजारच्या वर्गाला सुटका नसायची. शिकवायच्या मराठी, पण जीव सगळा वर्गातल्या वादविवादांत. आरक्षण, मिरवणुकीतली डॉल्बी, पंचगंगेत सोडलं जाणारं कारखान्यांचं पाणी, ज्यावरून बाहेर डोकी फुटतील असे विषय त्या मुद्दाम घ्यायच्या. बाजू चिठ्ठी टाकून ठरायची. आपल्याला न पटणारी बाजू वाट्याला आली आणि कुणी कुरकुरलं, की बाईंची मुरगुडी बोली बाहेर यायची. "समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं, की त्यानंच म्हणलं पाहिजे, व्हय की, मला हेच सांगायचं हुतं. तवर त्याला खोडायचा तुला हक्क न्हाय."

तयारीचा त्यांचा एक नियम होता. ती बाजू मनापासून मानणारा माणूस भेटल्याशिवाय वहीत मुद्दा लिहायचा नाही. आमच्या वर्गातला एक तालमीचा गडी डॉल्बीशिवाय मिरवणूक म्हणजे मयत, असं म्हणणारा. चिठ्ठीत त्याला विरोधी बाजू आली. तो स्वतःच्या गल्लीत आठ दिवस फिरला आणि येऊन म्हणाला, "बाई, आमच्यातलं एक म्हातारं मिरवणुकीच्या रात्री खिडकीला गादी लावून बसतंय. मला माहीतच नव्हतं." बाईंनी त्याला शाबासकी दिली नाही. "आता लिही," एवढंच म्हणाल्या.

याच नियमानं सुजाताचा घात केला. नियमानं म्हणते, कारण तसं म्हणणं मला सोपं जातं.

सुजाता माझी बाकावरची मैत्रीण. हातकणंगल्याहून रेल्वेनं यायची. घर लिंगायत, वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, धान्याचं दुकान. तिची थोरली बहीण, तिची अक्का, दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करून आजऱ्याला गेली होती. नवरा-बायको दोघं काजूच्या कारखान्यात कामाला. त्या दिवसापासून अप्पांनी घरात तिचं नाव काढू दिलं नव्हतं. सुजाता माझ्या मोबाइलवरून अक्काशी चोरून बोलायची. हे सगळं फक्त मला माहीत होतं.

त्या वर्षी विषय निघाला, 'आईवडिलांच्या संमतीशिवाय लग्न करावं का?' सुजाता हरखली. आपल्याला 'करावं' हीच बाजू येणार असं धरून तिनं अक्काला बोलावलंसुद्धा. "मागं येऊन बस, तुझ्यासाठी बोलणार हाय मी." चिठ्ठी उघडली तर बाजू उलटी. बाईंना घरची गोष्ट सांगून बाजू बदलून घे, असं मी म्हटलं. तिला लाज वाटली. नियमाप्रमाणे माणूस शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. ती अप्पांच्या समोर वही घेऊन बसली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ते अक्काबद्दल बोलले. तासभर बोलले.

आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "वैशू, अक्काला फोन कर. येऊ नको म्हण. बाजू बदलली म्हणून सांग."

मी फोन केला नाही. विसरले नव्हते. मला वाटलं, दोन वर्षांनी बहिणी भेटताहेत, भेटू देत. सुजातानं विचारलं तेव्हा "केला" म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या हॉलमध्ये सुजाता बोलली. तशी ती पुन्हा कधीच बोलली नसेल. "मुलगी जाते तेव्हा एक माणूस जात नाही. रोज ताटं मोजून घेणाऱ्या आईला एक ताट परत ठेवावं लागतं. ज्यांना न विचारता ती गेली, त्यांना न विचारता तिनं परत येऊ नये." मागच्या रांगेतून निळ्या साडीतली एक तरुणी उठली आणि दाराकडं गेली. सुजाताचं पुढचं वाक्य ओठांतच राहिलं. टाळ्या मात्र वाजल्या.

अक्कानं नंबर बदलला. सुजाताकडून बाईंना सगळं कळल्यावर त्या एकट्या आजऱ्याला जाऊन आल्या. आल्यावर काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर त्यांच्या वर्गात चिठ्ठी कधी पडली नाही. प्रत्येकाला बाजूला घेऊन त्या विचारायच्या, "हे तुझ्या घरातलं तर न्हाय ना?" आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. वर्ग चालू असताना मध्येच मागच्या रांगेकडं बघत थांबायच्या. तिथं कुणी नसायचं.

मीही शिक्षिका झाले. मुलांकडून वादविवादांची तयारी करून घेऊ लागले, बाईंच्याच पद्धतीनं. दरवेळी हॉलमध्ये कुणी उशिरा येऊन मागं बसलं की मी आधी तिकडं बघते.

बारा वर्षांनी, बाई मुरगूडला अंथरुणाला खिळल्या आहेत असं कळल्यावर मी गेले. हात हातात घेतला आणि सांगून टाकलं. "बाई, मी अक्काला फोन केलाच नव्हता."

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "अक्का म्हणाली, कुणाचा फोन आला नाही. सुजाता म्हणाली, वैशालीनं केलाय. मग उरलं कोण?"

"मग त्यांना सांगितलं का नाहीत?"

"अक्काला सांगितलं, तुझं नाव न घेता. सुजातानं निरोप दिला हुता, तो पोचला न्हाय. तर अक्का म्हणाली, 'बाई, तुम्हाला काय, दोन्ही बाजू मांडता येतात.' आयुष्यभर हेच शिकवलं की मी. खरं सांगायला गेले तर तिला पटंना. आणि सुजाताला सांगायचं तर तुझं नाव घ्यायला लागलं असतं. तू सतरा वर्षांची. म्हटलं, सांगशील आपणहून. वाट बघत बसले. ती चूक माझी."

मुरगूडहून मी घरी गेले नाही, थेट आजऱ्याला गेले. अक्का आता त्याच कारखान्यात मुकादम होती. मी सांगत गेले, ती ऐकत गेली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, सुजातानं ते ऐकवायलाच आपल्याला बोलावलं. आणि सुजाताला वाटत होतं, नको म्हटलं तरी अक्का आली आणि चारचौघांत उठून गेली. दोघींच्या मध्ये एवढंच होतं.

"म्हणजे ती येऊ नको म्हणाली होती?" अक्कानं दोनदा विचारलं. मग पदरानं उगीचच खुर्ची पुसली. "अप्पा गेले तेव्हा कळलं होतं मला. एसटी स्टँडपर्यंत आलते. सुजाता दारात असंल म्हणून परत फिरले."

मी सुजाताचा नंबर लिहून दिला आणि निघाले.

चार दिवसांनी बाई गेल्या. अक्काला भेटून आले हे त्यांना सांगायचं राहिलं. मुरगूडच्या घरासमोर माणसं जमली होती. त्यांत त्या दोघी एकमेकींना धरून उभ्या होत्या, आणि रडत होत्या ते नुसतं बाईंसाठी नव्हतं. मी जवळ गेले. अक्कानं माझ्या दंडावर हात ठेवला. सुजातानं माझ्याकडं पाहिलं, ओळखलं, आणि तोंड फिरवलं.

मी तिथंच उभी राहिले. "पण" म्हणायला माझ्याकडं काही नव्हतं.