डाव्या बुटाचा तळवा

"ब्रेक जाम झाला ना सर! लिव्हर सोडला, तरी चाक सुटलंच नाही!"

हेल्मेट काढायच्या आधीच आदित्यने हे सांगितलं, म्हणून मला संशय आला. नुकताच पडलेला माणूस आधी गुडघे चाचपतो, मग गाडीकडे बघतो. पडण्याचं कारण त्याला मागाहून सुचतं. याच्याकडे ते तयार होतं.

पुण्याजवळ मांजरी गावाच्या पलीकडे एका कंपनीचा जुना टेस्ट ट्रॅक होता. आयटीतली मुलं तेव्हा मोठ्या मोटरसायकली घ्यायला लागली होती आणि त्या पळवायला शहरात जागा नव्हती. मग काही रविवारी हा ट्रॅक घेऊन 'ट्रॅक डे' भरायचा. ही शर्यत नव्हे. मोकळ्या ट्रॅकवर, शिक्षकाच्या नजरेखाली गाडी जोरात चालवायला शिकायचं, एवढंच. शिक्षक मी. शिवाय आत जाणारी प्रत्येक गाडी तपासून तिला स्टिकर लावायचं कामही माझंच. त्याला स्क्रुटिनी म्हणतात.

म्हणजे ब्रेक खरंच जाम झाला असेल, तर माझी नोकरी गेली.

आयोजक शिर्के. बिबवेवाडीत त्यांचं हेल्मेट-जॅकेटचं दुकान आहे. ते धावत आले, आदित्यचं फक्त कोपर खरचटलंय हे पाहिलं आणि माझ्याकडे वळले.

"जोगळेकर, ही गाडी आपण तपासली होती ना?"

"स्टिकर आहे की."

"स्टिकर मलाही दिसतंय. तपासली होती का, ते विचारतोय."

शिर्के मला एरवी 'अहो' म्हणतात. 'आपण'वर आले, की समजावं, यांनी मनात माझ्या जागी दुसरा माणूस शोधायला घेतला. आणि खरं सांगायचं तर, त्या गाडीचा लिव्हर दाबून पाहिल्याचं मला आठवेना. सकाळी गाड्यांची रांग होती. मी सगळ्या जगावर संशय घेतो, पण त्या क्षणी तो स्वतःवरच आला.

मी गाडी स्टँडवर चढवली, पुढचं चाक हाताने फिरवलं. छान फिरलं. लिव्हर दाबला, थांबलं. सोडला, पुन्हा सुटलं.

"आत्ता फिरतंय," शिर्के म्हणाले. "तेव्हा अडकलं असेल."

मी चाक पुन्हा एकदा फिरवून पाहिलं.

आदित्य जमिनीवर बसून बूट काढत होता. कोरे बूट. आजच पहिल्यांदा घातले म्हणून सकाळी सगळ्यांना दाखवून झाले होते. गाडी पडली होती उजवीकडे, त्याचं कोपर खरचटलं होतं तेही उजवं. पण तळवा घासून पांढरा पडला होता तो डाव्या बुटाचाही. पडताना तो पाय तर वर हवेत असणार.

"आदित्य, बूट घाल. माझी गाडी घे, त्या शेडपर्यंत सावकाश जा आणि थांब."

"कशाला सर?"

"जा तर."

तो गेला. शेड अजून बरीच लांब होती, तेवढ्यात त्याचे दोन्ही पाय फूटरेस्टवरून सुटले आणि डांबरावरून फरफटत गेले. आपल्या पुण्यात सिग्नलला निम्मं गाव असंच थांबतं. ब्रेकवर कुणाचाच विश्वास नाही.

ट्रॅकच्या सगळ्यात हळू वळणावर त्याने हेच केलं होतं. पाय सुटले, की अंगाचा भार हातांवर येतो आणि घाबरलेला हात ब्रेक आणखी आवळतो. मग पुढचं चाक अडकतं आणि गाडी आडवी होते. लिव्हर सोडलाय असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. तो खोटं बोलत नव्हता, आणि हे मला सगळ्यात शेवटी कळलं.

समजावून सांगितल्यावर त्याने पाय उचलून डाव्या बुटाचा तळवा पाहिला. "नागपुरात असताना असं नव्हतो करत मी सर. इथे येऊन शिकलो."

शिर्के पुढच्या गटाला आत सोडायला निघून गेले. माफी मात्र नाहीच.

पुढच्या ट्रॅक डेला मी स्क्रुटिनीत एक नियम वाढवला. गेटपासून टेबलापर्यंत गाडी चालवत आणायची आणि थांबायचं. पाय घासणारा हळू चालवणाऱ्यांच्या गटात. पडलेल्या माणसाचं म्हणणं ऐकावंच, पण त्याआधी त्याला एकदा थांबताना बघावं, एवढं मी शिकलो होतो.

"बघा, असं यायचं," म्हणत पहिली गाडी खुद्द शिर्क्यांनी आणली. दोन्ही पाय गेटपासूनच जमिनीवर.

मी त्यांना हळू गटाचं स्टिकर लावलं. ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पण पडलेही नाहीत.