विहीणबाईंचा घोडामाणूस

माझ्या विहीणबाई इंग्रज आहेत, उंच आहेत आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी शाळेत ग्रीक आणि लॅटिन शिकवलं. यातलं काहीही मला खटकायचं कारण नव्हतं. तरी मला पहिल्या दिवसापासून त्यांचा हेवा वाटत आला आहे, आणि तो मी कुणापासून लपवलेला नाही. फक्त त्यांना तेवढं कधी सांगितलं नाही.

सुरुवात लेकीच्या लग्नात झाली. मुलीच्या आईने वराच्या आईचे पाय धुवायचे ही पद्धत मी माझ्यापुरती कधीच मोडीत काढली होती. उभा जन्म नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात पेशंटना भूल देण्यात गेलेला. असले सोपस्कार मला नको होते. विहीणबाई मात्र कुठेतरी वाचून आल्या होत्या. लग्नाच्या हॉलमध्ये सँडल काढून, मोजे घडी करून पर्समध्ये ठेवून, पाय पुढे करून त्या हसत बसल्या. इतक्या हौसेने बसल्या की मला तांब्या आणावाच लागला. आमच्या नात्यातल्या बायका म्हणाल्या, किती गोड विहीण मिळाली गं तुला. मी खाली मान घालून पाय पुसत होते.

पुढे नात झाली, शाळेत जायला लागली, तेव्हा वाटणी ठरली. मंगळवारी शाळा सुटली की ती माझ्याकडे, गुरुवारी ग्रॅनकडे, म्हणजे विहीणबाईंकडे. मंगळवारी मी थालीपीठ लावायची. ते खाऊन झालं की ती माझ्या मांडीवर पाय टाकून सोफ्यावर आडवी व्हायची आणि मी गोष्ट सांगायची. नियम एकच, माझ्या आईने मला घालून दिलेला: ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. माझं वाक्य संपलं की तिने ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ थांबला की गोष्ट थांबली. नातीचं मराठी अडखळतं, तो-ती-ते ती नाणं उडवल्यासारखं ठरवते, पण तिचा ‘हं’ मात्र अस्सल होता. अगदी माझ्या माहेरचा.

माझी अपेक्षा फार नव्हती. मोठी झाल्यावर तिला कुणी गोष्ट म्हटलं, की मी आठवावी. केक, बाग, सुट्टीतला समुद्र, काय हवं ते ग्रॅनच्या वाट्याला जाऊ दे. गोष्ट माझी राहावी.

मग इयर फाइव्हमध्ये शाळेत प्राचीन ग्रीस आलं, आणि गुरुवार मंगळवारवर चढून बसला.

मी समुद्रमंथनाला हात घालावा, तर नात विचारायची, “आजी, तुला सेंटॉर माहितीये? वर माणूस आणि कमरेच्या खाली फुल घोडा.” ही घोडेमाणसं एका लग्नाला गेली, वाइन पिऊन तर्र झाली आणि नवरीलाच उचलून न्यायला लागली, मग हाणामारी. लग्नात पिऊन गोंधळ घालणारे पाहुणे बघायला ग्रीसपर्यंत जायची काय गरज, असं मी म्हटलं. पण ती ऐकत नव्हती. डोक्यावर साप वळवळणारी बाई, भुलभुलैयातला बैलाच्या डोक्याचा माणूस, एकामागून एक सगळे माझ्या सोफ्यावर येऊन बसले.

“पण एक सेंटॉर गुड होता,” ती एकदा म्हणाली. “कायरॉन. तो डॉक्टरांचा टीचर होता. मग त्यालाच पॉयझनवाला बाण लागला. तो मरू पण शकत नव्हता आणि स्वतःला बरं पण करू शकत नव्हता. ग्रॅन म्हणते, हा सगळ्यात सॅड गोष्ट आहे.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरात डॉक्टर कोण, तर मी. न थांबणारं दुखणं कसं असतं हे आयुष्यभर जवळून बघितलं कुणी, तर मी. आणि डॉक्टरांचा आद्यगुरू, त्याच्या जखमेसकट, जाऊन बसला गुरुवारच्या घरात.

मग मी माझी विद्या बाहेर काढली. कागद घेऊन सेंटॉरचा सांगाडाच काढला. “हे बघ, याला छातीचे पिंजरे दोन. मग हृदय कुठल्या पिंजऱ्यात? जेवण पुढच्या पोटात जिरतं की मागच्या? हा पोळी खातो की गवत? आणि ऑपरेशन करायचं झालं, तर मी भूल माणसाच्या वजनाने देऊ की घोड्याच्या?” ती हसून हसून लोळली. मला वाटलं, मोडला कणा त्या घोड्याचा.

पुढच्या मंगळवारी कळलं की माझे प्रश्न ग्रॅनला अतिशय आवडले. दोघींनी मिळून भल्यामोठ्या कागदावर सेंटॉरचं आतलं सगळं रंगवलं, लालभडक दोन हृदयांसकट. ते चित्र शाळेच्या भिंतीवर लागलं. खाली लिहिलं होतं, ग्रॅनच्या मदतीने. शरीरशास्त्र माझं आणि मदत ग्रॅनची. मी लेकीला फोन केला.

“आई, प्लीज,” ती म्हणाली, “इट्स नॉट अ कॉम्पिटिशन.”

लेकीला सासू चांगली मिळाली आहे, त्यामुळे या विषयावर तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

शेवटी मी आमचा घोडा काढला. तुंबरू. देवांचा गवई, तोंड घोड्याचं, बाकी माणूस.

“फक्त तोंड?” नात म्हणाली. “मग तो फास्ट पळतो कसा?”

“पळत नाही. गातो.”

विष्णूने तुंबरूचं गाणं ऐकून त्याला मानाने जवळ बसवलं, आणि ते बघून नारदाचा जळफळाट झाला. हा भाग मी फार छान सांगते. इरेला पेटून नारद गाणं शिकायला गेला तो एका घुबडाकडे. वर्षानुवर्षं शिकला. मग तुंबरूला हरवायचं म्हणून थेट त्याच्या घरी निघाला. दारात पोचला, तर तिथे...

‘हं’ आला नाही. नात उशीला टेकून वहीत खूर काढत होती. मी वाट पाहिली. नियम तो नियम. थोड्या वेळाने तिने मान वर केली आणि विचारलं, “मम्मा कधी येणार?”

पुढे काय झालं, हे तिने विचारलंच नाही. त्या दिवशी मला जे लागलं, ते चित्राखालच्या ओळीनेही लागलं नव्हतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी लेकीची मीटिंग लांबली, म्हणून नातीला आणायला मी विहीणबाईंकडे गेले. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. पलीकडच्या काचेच्या खोलीत दोघी माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. आणि मला ऐकू आलं, “हं.”

तो हुंकारही हिने त्यांना देऊन टाकला? कोट न काढता मी तशीच उभी राहिले. पुन्हा “हं” आला. पण हा जाड होता, खाकरल्यासारखा. हा नातीचा नव्हता. विहीणबाईंचा होता.

“ग्रॅन, तू लेट करतेस,” नात इंग्रजीत दटावत होती. “हं नाही म्हटलं तर स्टोरी थांबते. इट्स आजीज रूल.” आणि ती पुढे सांगायला लागली: घुबड, त्याची शिकवणी, नारदाचं जळणं. खूर काढताना तिने एक शब्द सोडला नव्हता. “मग तो तुंबरूच्या दारात पोचतो, आणि...” तिथे ती थांबली, कारण मी तिथेच थांबले होते.

विहीणबाईंनी वळून मला पाहिलं. “बरं झालं आलात,” त्या म्हणाल्या. “आम्ही दारात अडकलोय.”

मी कोटासकट बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट इंग्रजीत सांगितली. तुंबरूच्या दारात नारदाला दिसली हातपाय मोडलेली, लंगडणारी माणसं. त्याने विचारलं, कोण तुम्ही? ती म्हणाली, आम्ही राग. तुझ्या गाण्याने आमची ही दशा झाली. तुंबरू गातो तेव्हा आम्ही बरे होतो, म्हणून इथे आलोय.

“हं,” दोघी एकदम म्हणाल्या.

“म्हणजे हाही घोडा आणि हाही वैद्य,” विहीणबाई हळूच म्हणाल्या.

नात बूट आणायला वर गेली. विहीणबाई उठल्या आणि किटलीत पाणी भरू लागल्या. “एक सांगू?” त्या म्हणाल्या. “गुरुवारी मी तिला ग्रीसला न्यायला बघते आणि ती मला मंगळवारात ओढून आणते. आजी असं म्हणाली, आजीचं हे, आजीचं ते. मला तुमचा भयंकर हेवा वाटतो.” आणि हसल्या.

मला इतका आनंद झाला की मी दोन कप चहा प्यायले आणि त्यांचा केकही खाल्ला. पण नातीला पोचवून घरी परतताना ट्रॅममध्ये मन खट्टू झालं. हेच वाक्य लग्नातल्या त्या तांब्यापासून माझ्या जिभेवर होतं, आणि मला ते कधी म्हणता आलं नाही. त्यांनी ते किटली भरता भरता म्हणून टाकलं. आता मला त्याचाही हेवा वाटतो.