गयाबाईंना कोणी हात लावायचा नाही

“मॅडम, आईला काही करायला लावू नका. घरी तीन सुना हायेत, गडीमाणसं हायेत,” थोरल्या मुलानं मला बजावलं.

गयाबाई दवाखान्यातल्या टेबलावर आडव्या होत्या. चारठाणा गावाकडचं मोठं शेतकरी घर. महिन्यापूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडला आणि उजवी बाजू लुळी पडली. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं.

“तुम्हांला काय हवंय?” मी त्यांनाच विचारलं.

“परसाकडला माझी मी जायचंय. दुसरं काय बी नको.”

मुलगा खाली बघू लागला.

नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. परभणीच्या आमच्या दवाखान्यात फिजिओथेरपी म्हणजे एक खोली, एक टेबल, भिंतीवरची पुली आणि मी. पाऊल वाकडं घेऊन जन्मलेली बाळं यायची, पोलिओची मुलं यायची, ऊसतोडीवरून कंबर धरून आलेल्या बायका यायच्या. म्हातारी माणसं मात्र कोणी आणत नसे. त्यांची बाज ओसरीत टाकली की झालं.

“सत्तरीच्या बाईवर कशाला वेळ घालवता?” आमचे मोठे डॉक्टर म्हणाले. “मुलं बघा.”

“मुलं सकाळी बघते, सर. या दुपारी येतील.”

“आणि नाही सुधारल्या तर?”

“तर मी चुकले म्हणा. आधीच नको.”

लुळा स्नायू बऱ्याचदा मेलेला नसतो. त्याला हुकूम पोचत नसतो. माणसानं स्वतः पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, तर मेंदू दुसरी वाट शोधू शकतो. प्रयत्न दुसऱ्यानं करून चालत नाही. गयाबाईंचा गुडघा पुलीवर हळूहळू सरळ व्हायला लागला. तेवढ्यात बंद सुरू झाले, एस.टी. थांबली आणि त्यांचं येणंही थांबलं.

गाड्या सुरू झाल्यावर मी रजा टाकून त्यांच्या गावी गेले. गयाबाई सैल सुतळीच्या बाजेवर होत्या. झोळीत पडल्यासारख्या. थोरली सून भरवत होती, धाकट्या दोघी पाय चेपत होत्या. गुडघा परत आखडला होता. सेवेत कसर नव्हती. तीच अडचण होती.

मी सुतळी ताणून घ्यायला लावली, वर फळी टाकली. आता बसल्यावर पाय जमिनीला टेकले.

“उठा, मावशी. पुढं वाका. जोर पायात.”

त्या हलल्या, तशा तिघी सुना धावल्या.

“कोणी हात लावायचा नाही!” माझा आवाज मलाच मोठा वाटला. मी स्वतः त्यांच्या कमरेशी हात तयार ठेवून उभी होते, पण टेकवला नव्हता.

शेजारची एक बाई ओसरीवर येऊन बसली होती. “अगं बाई! सासू मरायलीय, अन् सुना तमाशा बघायल्यात,” ती म्हणाली.

थोरलीचे डोळे भरले. “बघा मॅडम, आता गावभर हेच व्हणार. तुमी जाताल निघून. आमाला ऱ्हायचंय हितं.”

उत्तर गयाबाईंनी दिलं.

“ए कौशे,” त्या शेजारणीला म्हणाल्या, “तुला लय कीव यायलीय, तर उद्यापासून माझं परसाकडचं भांडं तू उचल.”

कौशल्याबाई पदर सावरत उठून गेल्या. धाकटी सून हसू दाबत भिंतीकडं वळली. थोरलीनं आपले हात पाठीमागं धरले. गयाबाईंनी डाव्या हातानं बाजेची कड धरली, पुढं वाकल्या, थरथरल्या, मागं बसल्या. पुन्हा वाकल्या. तिसऱ्या खेपेला उभ्या राहिल्या.

उजवा हात शेवटपर्यंत अर्धाच आला. पण सुगीच्या सुमारास त्या काठी घेऊन परसाकडला एकट्या जायला लागल्या. गाव सुनांना बोलायचं ते बोललंच. थोरली सांगायची, “बोलू द्या. सासूबाई मला शिव्या द्यायला चुलीपस्तोर चालत यायल्यात.”

यंदा माझी आई गेली. आजारपणातही ती अंघोळीचं पाणी स्वतः काढून घ्यायची. भेटायला आलेल्यांपैकी एकीनं विचारलं, “तुम्ही असून शेवटपर्यंत त्यांना काम करू दिलंत?” मी म्हटलं, “हो. दिलं.” तिला ते आवडलं नाही.

रुग्णाला व्यायाम शिकवायला मला फार दिवस लागत नाहीत. घरच्यांना हात मागं घ्यायला शिकवण्यात अख्खी नोकरी सरली.