पाद्रीआप्पांचा पितळी पेला

बिदरपासून औरादपर्यंतच्या मुलखात देवावर इतका विश्वास असलेला आणि देवाच्या कारभारावर इतका नाराज असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. संतपूरजवळच्या आमच्या खेड्यात ते पाद्री होते आणि ख्रिस्ती असो वा नसो, सारा गाव त्यांना पाद्रीआप्पा म्हणायचा. इतर पाद्री प्रार्थना करतात, आप्पा गाऱ्हाणं मांडत. गुडघे टेकून, डोळे मिटून ते सुरू करत, "बापा, मागच्या रविवारीच सांगितलो होतो, तू अजून कायबी केला न्हाईस." शेवटचं आमेन तर असं ठासून म्हणत की देवाला नाही म्हणायची सोय उरू नये. उपदेश करताना मध्येच थांबून, बोट दाखवून, "तू मागं बसून जांभया कामून द्यायलास?" असं विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत प्रेषित पौलाला तसंच ताटकळत ठेवत.

त्यांचा मोठा राग बिदरच्या मिशन कचेरीवर होता. कचेरीला ते पत्रं लिहीत. मायना उर्दू वळणाचा, कारण सरकारी कागद असाच सुरू होतो अशी निजामाच्या अमलापासून त्यांची समजूत, पुढचा मजकूर मराठीत आणि मराठीत न मावलेला राग कानडीत. एकदा कचेरीने सुवार्ताप्रसारासाठी रंगीत पत्रकं पाठवली. त्यात मेंढपाळ होता, मेंढरं होती आणि चहूकडे बर्फ होतं. आप्पा ती घेऊन गावच्या धनगराकडे गेले आणि परत आले ते फणफणतच. "तो विचारायलाय, आप्पा, ह्या मेंढरांनी खायाचं काय? आता काय सांगू त्याला?" वर्षअखेरच्या छापील अहवालात 'यंदा किती आत्मे जिंकले' असा रकाना असे. त्यात ते दरवर्षी एकच वाक्य लिहीत, 'ज्याचं काम त्याला विचारावं.' जत्रेत उपदेशाच्या तबकड्या वाजवायला कचेरीकडून ग्रामोफोन आला तेव्हा लोकांची झुंबड उडाली. तबकडी संपायच्या आत आप्पांनी त्याचा कर्णा काढून बैलगाडीत ठेवला. "लोक कर्णा बघायलेत," ते म्हणाले, "माणसानं माणसाशी बोलायचं काम ह्या पेटीला कुणी दिलं?"

या रागाचं मी देणं लागतो. बिदरच्या बोर्डिंगात जागा नाही असं सांगून गोऱ्या साहेबांनी मला परत पाठवलं, तेव्हा आप्पा त्यांच्या ओसरीवर दोन दिवस ठिय्या देऊन बसले. "जागा न्हाई म्हणता, मग ही एवढी ओसरी कामून रिकामी हाय?" तिसऱ्या दिवशी जागा झाली. हैदराबादेहून मी बी.ए. होऊन परतलो, तेव्हा आमच्या वाड्यातला मी पहिलाच पदवीधर. आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "इंग्रजीत चिडता येतं का रं आता?" मी मिशनच्या शाळेत मास्तर झालो.

आता त्या पेल्याविषयी सांगायला हवं. गावाबाहेर अस्पृश्यांचे दोन वाडे होते, ओढ्याच्या अलीकडे आमचा आणि पलीकडे दुसरा. गावाने दोघांनाही सारखंच बाहेर ठेवलेलं, तरी आम्ही पलीकडच्यांच्या हातचं पाणी पीत नसू. दोन्ही वाड्यांतली माणसं ख्रिस्ती झाली, एका देवळात बसू लागली, पण दोन बाजूंना. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि पेला वाटून घ्यायच्या विधीला, आप्पांनी काळ्या मनुकांचं पाणी एका पितळी पेल्यात भरलं आणि पलीकडच्यांनी ओठ लावलेला पेला आमच्याकडे आला, तेव्हा आमचा एकही माणूस हलला नाही. आप्पांनी पेला झाकून ठेवला. मग अकरा महिने त्यांनी प्रभुभोजन दिलंच नाही. दर महिन्याला पेला भरत, वाट पाहत आणि तसाच झाकून ठेवत. कचेरीतून विचारणा आली, तर त्यांनी कळवलं, 'पेला तयार आहे. माणसं तयार होत आहेत.' बाराव्या महिन्यात आमच्या वाड्यातली म्हातारी रुथअक्का काठी टेकत उठली. "मरायच्या आधी एकदा द्या की आप्पा," म्हणाली आणि पलीकडच्या बाईच्या हातून पेला घेऊन प्याली. तिच्यामागून एकेक करत सगळे उठले. पुढे आप्पांनी नियमच केला. एका महिन्यात आधी आमची ओळ, पुढच्या महिन्यात त्यांची, आणि आप्पा स्वतः सगळ्यांच्या शेवटी. पेल्याला कल्हई वेळच्या वेळी करून घेत आणि कल्हईवाल्यावरही चिडत.

पोलिस ॲक्शननंतर काही वर्षांत गोरे साहेब गेले आणि आपल्यातलेच एक सुपरिंटेंडेंट आले. ते आंध्राकडचे, इंग्रजी आणि तेलुगू बोलणारे. माणूस वाईट नव्हता. आमच्याकडे आले ते लाकडी तबकात चाळीस छोटे काचेचे पेले घेऊन. एकाच पेल्याने क्षय पसरतो, नव्या काळात चर्चने नीटनेटकं असावं, असं त्यांचं म्हणणं. दुभाष्या मी होतो.

आप्पा बोलू लागले. दोन वाडे, पाणी, अकरा महिने, रुथअक्का, सगळं त्यांनी सांगितलं. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला, मग बसला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. शहरातून आलेल्या त्या स्वच्छ कपड्यातल्या माणसाला, प्रभूच्या देवळातसुद्धा आम्ही एकमेकांच्या उष्ट्याचा विटाळ मानतो, हे सांगायची मला लाज वाटली. मी इंग्रजीत म्हणालो, "जुन्या पद्धतीची लोकांना सवय आहे, असं ते म्हणतात."

साहेब हसले. "सवय बदलते," म्हणाले आणि तबक टेबलावर ठेवलं.

आप्पांनी हुकूम पाळला. पुढच्या प्रभुभोजनाला काचेचे पेले फिरले आणि सगळं लवकर आटोपलं. उपासनेनंतर आम्ही दोघे मागच्या आडाकडे गेलो. तिथे दोन बायका दोन वेगळ्या टोपल्यांत पेले धूत होत्या. अर्ध्या पेल्यांना तळाशी लाल दोरा बांधलेला होता.

"हे काय करायलीस गं?" आप्पांनी आमच्या वाड्यातल्या बाईला विचारलं.

"खूण केले आप्पा. सगळे सारखेच हायत, कुणाचे कोणते कळंनात. साहेबांनीच वेगळे करून दिलेत न्हवं? मग आमचे आमच्याकडं असू द्या म्हणलं."

आप्पा आता केवढा आरडाओरडा करतील, म्हणून मी दोन पावलं मागे सरलो. ते आडाच्या कठड्यावर बसले आणि लाल दोऱ्याकडे बघत राहिले.

पुढच्या महिन्यात त्यांनी पितळी पेला बाहेर काढला. कुणीतरी कचेरीला कळवलं आणि आप्पांची बदली राजेश्वर गावी झाली. कारण लिहिलं होतं, शिस्तभंग. त्या कागदाची आठवण झाली की मला आजही संताप येतो. अकरा महिने एक भरलेला पेला घेऊन वाट पाहणारा माणूस बेशिस्त, आणि मोटारीतून येऊन तासाभरात परत जाणारे शिस्तीचे. वाड्यात घर नाही, ओढ्याचं पाणी प्यालेलं नाही, आणि आमची सुधारणा मात्र तबकात घालून आणायची. पण कागदावर सही करणाऱ्याला अर्धीच हकीकत ठाऊक होती, आणि ती अर्धी कुणी सांगितली हे मला ठाऊक होतं. म्हणून संताप धड तडीला जात नाही.

आप्पांचं सामान गाडीत चढवायला मी गेलो. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "तू त्या दिवशी साहेबाला सगळं सांगितला न्हाईस."

"तुम्हाला कसं कळलं आप्पा?"

"मला इंग्रजी येत न्हाई, लेका. पर मी किती येळ बोललो आणि तू किती येळ बोललास, हे तर कळतंय की."

ते गाडीत चढून बसले, घोंगडी नीट केली आणि अगदी हळू, मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "लाज वाटली व्हय? मलाबी वाटायची. म्हणून तर एवढा चिडत होतो."

त्यानंतर मी कचेरीला सगळं लिहिलं, एक शब्द न गाळता. साहेबांचं उत्तर आलं. दुःख झालं, विचार करू, असं होतं. लाल दोरे यथावकाश कुजून गेले, पुन्हा कुणी बांधले नाहीत. ज्याने त्याने आपापलाच पेला प्यायचा म्हटल्यावर बांधायची गरजच राहिली नव्हती. महिन्यातून एकदा माझ्या हाती तो एका घोटाचा पेला येतो. मी पितो, रिकामा पेला तबकात ठेवतो आणि पेला पुढे देण्याच्या जुन्या सवयीने शेजारी वळतो. शेजारच्याने तोवर आपला पिऊन ठेवलेला असतो.